दात पत्र्यावर फेकू नका!

मुलांनो, गेल्या आठवड्यात तिसरीतल्या एका पोरीनं भर वर्गात उभं राहून मला विचारलं, "गुर्जी, तुमचा एकच दात चहाच्या रंगाचा कामून हाय?"

सगळा वर्ग खिदळला. मीही हसलो. आता मी हसलो की तो दात जास्तच दिसतो, त्यामुळे वर्ग आणखी हसला. त्या दिवशी मी तिला काही उत्तर दिलं नाही, 'पाढे म्हणा' म्हणून विषय बदलला. तुम्हांला मात्र त्या दाताची गोष्ट सांगणार आहे. पण त्याआधी दुसऱ्या एका दाताची ऐका. ती माझ्या दातापेक्षा वाईट आहे.

आमचं तेलगाव म्हणजे रस्त्यांचं गाव. एक रस्ता माजलगावला, एक धारूरला, एक बीडला, एक परळीला. दिवाळी झाली की या रस्त्यांवरून उसानं खच्चून भरलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतात आणि त्याच दिवसांत आमचे वर्ग रिकामे व्हायला लागतात. आई-बाप ऊसतोडीला दूरच्या फडावर जातात. काही पोरं त्यांच्याबरोबर जातात, काही आजीजवळ मागे राहतात. ज्याची गोष्ट सांगतोय तो असाच मागे राहिलेला. पाचवीतला. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. कबड्डीत त्याची पकड अशी, की एकदा घोटा हातात आला की समोरचा गडी आडवाच.

डिसेंबरमधली गोष्ट. शाळा सुटल्यावर पोरं मैदानावर खेळत होती. यानं घोटा धरला, चढाईवाल्यानं सुटायला जोरात पाय झाडला आणि टाच याच्या तोंडावर बसली. वरचा पुढचा एक दात मुळासकट बाहेर! यानं काय केलं असेल? हापशावर गेला, चूळ भरली, रक्त थांबेपर्यंत बाही तोंडात धरली आणि दात नेऊन शाळेच्या पत्र्यावर फेकला.

तुम्हीही फेकले असतील की. आपल्याकडे पडलेला दात कुणी पत्र्यावर फेकतं, कुणी तुळशीखाली पुरतं, कुणी उंदराच्या बिळात टाकतं. म्हणजे नवा लवकर येतो म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तो तोंडाला रुमाल लावून वर्गात आला.

"काय झालं रं?"

"काय न्हाई गुर्जी, दात पडला. येईल की नवा."

"आज्जीला सांगितलं?"

"आज्जी बी म्हणली, येईल."

मुलांनो, मला खाली बसावंसं वाटलं. कारण तो दात दुधाचा नव्हता. नवा येणार नव्हता.

आपल्याला दुधाचे दात असतात वीस. साधारण सहाव्या-सातव्या वर्षी ते पडायला लागतात आणि त्यांच्या जागी कायमचे येतात. वरचे पुढचे दोन मोठे दात सात-आठ वर्षांच्या सुमारास येतात. म्हणजे तिसरी-चौथीत गेलेल्या बहुतेक मुलांचे पुढचे दात कायमचे झालेले असतात. बारा-तेरा वर्षांपर्यंत दुधाचे सगळे संपतात. एकदा कायमचा दात गेला की त्याच्या खाली राखीव खेळाडू कुणी बसलेला नसतो.

मी शिडी लावून पत्र्यावर चढलो. शिपाईमामा खालून विचारत होते, "गुर्जी, चेंडू हुडकताय का?" दात सापडला. कबुतरांच्या विष्ठेत, उन्हानं वाळलेला. मूळ चांगलं लांब होतं. कागदात गुंडाळला, पोराला मोटारसायकलवर मागे बसवलं आणि माजलगावला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दात उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "कधी पडला?" मी म्हणालो, "काल संध्याकाळी." त्यांनी दात टेबलावर ठेवला. नुसत्या ठेवण्यावरूनच मला कळलं.

मग ते जे सांगू लागले ते मी माझ्या वहीत उतरवून घेतलं. डीएडला आम्हांला पाठ कसा घ्यायचा ते शिकवलं, फळा कसा पुसायचा तेही शिकवलं, पण हे कुणी शिकवलं नव्हतं.

दाताच्या मुळावर एक अगदी पातळ अस्तर असतं. त्यात जिवंत पेशी असतात, आणि याच पेशी दाताला जबड्याच्या हाडाशी धरून ठेवतात. दात बाहेर पडला तरी या पेशी लगेच मरत नाहीत. पण त्या वाळल्या की संपल्या. कोरड्या दाताला अर्धा तास म्हणजे फार झाला, तासाभरानंतर तर आशा जवळजवळ नाहीच. म्हणून कायमचा दात पडला की धावपळ दाताची करायची, रक्ताची नाही. रक्त स्वच्छ रुमाल दाबून धरला की थांबतं.

पडलेला दात शोधायचा. उचलताना पांढऱ्या भागाला धरायचं, म्हणजे ज्यानं आपण चावतो त्या बाजूला. मुळाला बोट लावायचं नाही. माती लागली असेल तर गार दुधानं किंवा स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेखाली दहाएक सेकंद विसळायचा. घासायचा नाही, साबण नाही, शर्टाला पुसणं नाही. (आपल्याला काहीही सापडलं की आधी शर्टाला पुसायची सवय असते, म्हणून मुद्दाम सांगतो.) मग जमलं तर तो होता त्याच खाचेत, पुढची बाजू पुढे ठेवून, हलकेच बसवायचा, स्वच्छ रुमालावर दात दाबून धरायचे आणि डॉक्टरांकडे निघायचं. ऐकूनच अंगावर काटा आला ना? मलाही आला होता. म्हणून दुसरा उपाय सोपा आहे : दात दुधात टाकायचा. वाटीभर गार दूध, त्यात दात, आणि थेट दातांचा डॉक्टर.

दूधच का? पाणी का नाही? मीही हेच विचारलं. तुम्ही वाटाणे रात्रभर पाण्यात भिजत घातले की ते फुगतात, पाहिलंय ना? साध्या पाण्यात त्या पेशीही पाणी ओढून फुगतात आणि फुटतात. दुधात मात्र क्षार वगैरे इतपत असतात की पेशींना ते शरीरातल्यासारखं वाटतं, त्या काही काळ तग धरतात. पण म्हणून दुधात टाकून रात्रभर ठेवू नका. तासाभरात पोहोचायचं. डॉक्टर तो दात जागेवर बसवतात आणि बारीक तारेनं शेजारच्या दातांना दोनेक आठवडे बांधून ठेवतात. पुढंही त्याच्यावर उपचार लागतात, पण दात तोंडात राहतो.

दात अख्खा न पडता तुकडा उडाला, तर तो तुकडाही दुधात घालून न्या, पुष्कळदा चिकटवता येतो. मात्र लहान भावंडाचा दुधाचा दात मार लागून पडला, तर तो परत बसवायच्या फंदात पडू नका, खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताला इजा होते. तो दात खुशाल पत्र्यावर फेका. पण भावंडाला डॉक्टरांना दाखवा.

आमच्या पोराचं काय झालं? जबडा वाढत असतो तोवर पक्का कृत्रिम दात बसवत नाहीत. म्हणजे अठराएक वर्षांचा होईपर्यंत काढता-घालता येणारा दात. तो त्यानं दोन दिवस लावला आणि डब्यात ठेवून दिला. आता चढाईला गेला की 'कबड्डी कबड्डी' म्हणताना फटीतून शीळ वाजते. पोरं हसली की तो दम तोडून परत फिरतो. आधी कधी फिरत नव्हता.

मी त्याला एकदा विचारलं, "अरे, लागलं तेव्हा शेजारच्या बाईंना तरी सांगायचं. लपवलंस का?"

तो म्हणाला, "सचिनच्या नाकाला लागलं हुतं, तरी त्यो खेळला. तुम्हीच सांगितलं हुतं."

घ्या! सांगितलं होतं खरं. डिसेंबर १९८९, सियालकोटची कसोटी. सचिन तेंडुलकर सोळा वर्षांचा, म्हणजे तुमच्या दादाएवढा. भारताचे चार गडी ३८ धावांत बाद झालेले. वकार युनूसचा उसळलेला चेंडू नाकावर बसला, सदरा रक्तानं भरला. हेल्मेटला जाळी नव्हती. तो मैदान सोडून गेला नाही, ५७ धावा केल्या, आणि सामना वाचला. मी हे सांगताना टेबलावर हात आपटला होता, तेही आठवतंय.

पण अर्धीच गोष्ट सांगितली होती. सचिननं काही लपवलं नव्हतं. लपवणार कसा, हजारो लोक बघत होते! तिथं त्याला तपासायला माणूस मैदानात धावत आला होता. आपल्या मुंबईच्या संदीप पाटलांचंही तसंच. जानेवारी १९८१ मध्ये सिडनीला ते हेल्मेट न घालता खेळत होते, ६५ धावांवर होते. लेन पॅस्कोचा चेंडू कानाजवळ बसला आणि ते कोसळले. त्यांना बाहेर नेलं. पुढच्या कसोटीत, अ‍ॅडलेडला, ते हेल्मेट घालून उतरले आणि १७४ धावा केल्या. मला विचाराल तर या गोष्टीतलं हेल्मेट घालणं मला १७४ धावांइतकंच आवडतं. पण टेबलावर हात आपटावा असं त्यात काही नाही, म्हणून आम्ही मास्तर लोक ते सांगायला विसरतो.

आता माझ्या दाताकडे येतो.

मे २००२. भारताचा संघ वेस्ट इंडीजमध्ये होता. तिकडचा दिवस म्हणजे आपली रात्र. आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे केबल होती त्यांच्या ओसरीवर आम्ही पोरं अंगावर चादरी घेऊन बसायचो. अँटिगाच्या कसोटीत मर्व्हिन डिलनचा चेंडू लागून अनिल कुंबळेचा जबडा मोडला. आणि तो गडी डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्टी बांधून गोलंदाजीला आला! चौदा षटकं टाकली. ब्रायन लाराला पायचित केलं. आम्ही ओसरीवर इतके ओरडलो की त्या घरच्या आजोबांनी टीव्हीच बंद केला.

पंधराएक दिवसांनी, त्याच सुट्टीत, आम्ही माळावर खेळत होतो. चेंडू रबरी, खेळपट्टी म्हणजे ढेकळं. एक चेंडू ढेकळावरून उसळला आणि माझ्या तोंडावर आला. ओठ फुटला, दात हलायला लागला. मी काय केलं ओळखा. आईचा पंचा आणून डोक्यापासून हनुवटीपर्यंत बांधला आणि गोलंदाजी केली! एकही गडी बाद झाला नाही, तो भाग वेगळा. घरी गेल्यावर सांगितलं, पळताना पडलो. आठ दिवस भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. दात हळूहळू घट्ट झाला, मला वाटलं जिंकलो. चार-सहा महिन्यांनी त्याचा रंग बदलायला लागला.

दाताच्या आत बारीक रक्तवाहिनी आणि नस असते. जोराचा मार बसला की ती तुटते, आणि दात बाहेरून उभा असला तरी आतून मेलेला असतो. माझा तसा मेला. डीएडच्या दुसऱ्या वर्षी, ऐन परीक्षेत, हिरडी सुजून गाल एवढा झाला. तेव्हा आत साठलेला पू काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, लागलं तेव्हाच दाखवलं असतं तर दाताकडे लक्ष ठेवता आलं असतं. कुंबळेचं काय झालं होतं? दुसऱ्याच दिवशी तो जबड्याच्या ऑपरेशनसाठी मायदेशी निघाला होता. आजोबांनी टीव्ही बंद केल्यामुळे म्हणा किंवा आम्हांला ऐकायचंच नव्हतं म्हणून म्हणा, तेवढं आमच्या कानावर आलं नाही.

नाकाचं थोडक्यात सांगतो. घोळणा फुटला की आपण डोकं मागे टाकतो, टाळूवर पाणी ओततो, कांदा हुंगायला देतो. डोकं मागे टाकलं की रक्त घशात उतरतं आणि पोटात जाऊन उलटी होते. त्यापेक्षा खाली बसून मान जराशी पुढे झुकवायची, नाकाचा मऊ भाग चिमटीत दाबायचा, तोंडानं श्वास घ्यायचा, आणि दहा मिनिटं चिमूट सोडायची नाही. दर अर्ध्या मिनिटाला 'थांबलं का' म्हणून बघत राहिलात तर थांबणार नाही. नाकाला मार बसल्यावर नाक वाकडं दिसत असेल, किंवा दुखून आतून बंद झाल्यासारखं वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. आत पडद्यापाशी रक्त साकळलं तर नाक कायमचं बसू शकतं. जबड्याची परीक्षा त्याहून सोपी : दात नेहमीसारखे एकमेकांवर बसतात का? बसत नसतील तर जबडा मोडला असेल. आणि तोंडावर मार बसल्यावर कुणाला ओकाऱ्या झाल्या, पेंगायला लागलं, वेडंवाकडं बोलायला लागलं, तर सरळ १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका फुकट येते.

डोळ्याचं मात्र थोडक्यात सांगता येणार नाही.

आमच्या लहानपणी एक मुलगा आमच्याबरोबर विटी-दांडू खेळायचा. विटी दोन्ही टोकांना तासलेली असते आणि ती कुठं उडेल हे मारणाऱ्यालाही माहीत नसतं. तो झेल घ्यायला वर बघत होता. विटी डोळ्यावर बसली. रक्त नाही, जखम नाही, नुसतं पाणी आलं. बाप मारील म्हणून त्यानं घरी सांगितलं नाही, आणि विटी ज्यानं मारली होती त्यानंही सांगू दिलं नाही. चार दिवस तो एका डोळ्यानं बघत राहिला. मजा अशी, की दुसरा डोळा चांगला असला की आपल्याला फारसं कळतच नाही. जेवतो, पळतो, सायकल चालवतो. त्याला पूर्ण कळलं ते पोलीस भरतीच्या वेळी. पळण्यात पहिला, गोळाफेकीत पहिला. डोळे तपासताना चांगल्या डोळ्यावर हात ठेवायला सांगितलं आणि समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यांत मोठं अक्षर त्याला दिसेना.

विटी मारणारा कोण होता, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तो गुरुजी झाला, एवढं सांगतो.

मार बसला की कधी कधी डोळ्याच्या आत रक्त साठतं, डोळ्यातला दाब वाढतो, आतलं भिंग सरकतं, पडदा सुटतो. बाहेरून डोळा नुसता लाल दिसतो. तेव्हा विटी, चेंडू, कोपर, काहीही डोळ्यावर बसलं की एक करा : चांगला डोळा तळहातानं झाका आणि लागलेल्या डोळ्यानं लांबची पाटी वाचा. अंधुक दिसलं, दोन दोन दिसलं, चमचम झाली, डोळ्यात रक्त दिसलं, तर तसंच उठून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. आमच्या भागातल्यांना अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. आणि पाटी नीट वाचता आली तरी घरी सांगायचंच.

डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही. डोळा फुटला असेल किंवा काही आत रुतलं असेल, तर उपसायचं नाही, धुवायचंही नाही. एखादी वाटी पालथी धरायची, तिचा काठ भोवतीच्या हाडावर टेकवायचा, डोळ्यावर नाही, आणि निघायचं. तूप, मध, एरंडेल, कुणी सांगितलेला पाला, काही घालायचं नाही. दसऱ्याच्या सुमारास खराट्याच्या काडीचे धनुष्यबाण निघतात, त्या बाणांनी किती डोळे घेतलेत ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. आमच्या वर्गात सापडलेले बाण मी चुलीत घालतो. या एका बाबतीत मी दुष्ट गुरुजी आहे.

खेळूच नका असं मी म्हणतोय का? मुळीच नाही. कबड्डीच्या नियमातच आहे, की नखं कापलेली हवीत, अंगावर दागिना नको. आपण गावात खेळताना हा नियम कोण बघतो? कडं, अंगठी, वाढलेली नखं, सगळं घेऊन उतरतो. लेदरचा चेंडू असेल तर जाळीवालं हेल्मेट हवंच. ते नसेल तर चेंडू टेनिसचा घ्या. विटी-दांडूत झेल घेणारा लांब उभा राहू द्या आणि खेळाभोवती कोंडाळं करून बघणारी बारकी पोरं आधी हटवा. लागतं ते बहुतेक त्यांनाच.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी तो जिंकला आणि कर्णधार होती प्रियांका इंगळे, मूळची आपल्या बीड जिल्ह्यातली. तेव्हापासून आमच्या मुलींना खांबावरून सूर मारण्याचं वेड लागलंय. परवा सातवीतल्या एकीनं सूर मारला तो खांबावरच. ओठ फाटला, पुढचा दात बाहेर. मी वऱ्हांड्यातून पळत पोहोचेपर्यंत एक पोरगं मैदान ओलांडून चौकाकडे सुसाट गेलेलं होतं. कोण ते मला पाठमोरं कळलं नाही. पाचेक मिनिटांत ते हॉटेलातून स्टीलच्या पेल्यात दूध घेऊन आलं, अर्धं रस्त्यात सांडलेलं. आणि म्हणालं, "गुर्जी, दात पांढऱ्या बाजूनं धरा."

बोलताना फटीतून शीळ वाजली.

पाऊण तासात आम्ही माजलगावात होतो. त्या मुलीचा दात आता तारेत बांधलाय, मऊ भात खाते आणि खांबाकडे रागानं बघते.

दुसऱ्या दिवशी मी हॉटेलवाल्याकडे दुधाचे पैसे द्यायला गेलो. त्यांनी घेतले नाहीत. मी म्हणालो, "मामा, आमच्या शाळेतलं पोर पळत येऊन दूध मागेल तर काही विचारू नका, आधी वाटीभर गार दूध द्या."

ते म्हणाले, "देतो की गुर्जी. साखर टाकायची का?"